छत्तीस ठिकाणी मारून पाहिलेला प्रोग्राम

ग्वायाकिल, २ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

मठातल्या भगिनींची तू सोर आना असशील, मी मात्र ताईच म्हणणार. मदरनी हे पत्र आधी उघडलं असेल तर त्यांनाही नमस्कार.

तुमच्या कार्मेलाइट मठाच्या पितिमा-काढ्याची बाटली पोचली. ‘रोज दोन चमचे, मन शांत राहते’ असं वर लिहिलंय. मी ती चार दिवसांत संपवली. यावरून माझं काय चाललंय ते ओळख.

नवं काम मिळालंय, आणि तेही माझ्या एकटीवर सोपवलंय! कंटेनर सांभाळणारा कंट्रोलर लिहायचा आहे. किती कंटेनर उभे असायला हवेत आणि खरोखर किती उभे आहेत, यावर त्याने सतत नजर ठेवायची. एखादा पडला की लगेच दुसरा उभा करायचा. आमचे साहेब इंजिनियर वेलिंग्टन किमी म्हणाले, “तेनेसाका, हे जमलं तर तुझं नाव होईल.” काम मोठं आहे, पण करायची पद्धत जीव खाते. एक ओळ बदलली की सगळं नव्याने बांधायचं, ऑफिसच्या सामायिक यंत्रांवर चढवायचं आणि रांगेत थांबायचं. सतरा मिनिटं! आणि सतरा मिनिटांनी काय कळतं, तर एक स्वल्पविराम चुकला म्हणून कंटेनर पडला.

बाबांचा काही निरोप? सिगसिगच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून मी इथे आले त्याला चार वर्षं झाली. अजून फोन केला की म्हणतात, “टोपी अर्धवट विणून ठेवलीय,” आणि ठेवून देतात. एवढ्या टोप्या अर्धवट राहिल्या तर विकतात काय?

तुझी,
नार्सी

—

क्वेंका, १५ सप्टेंबर

प्रिय नार्सी,

तुझं पत्र वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय. बंदरावर काम घेतलंस हे आधी का नाही सांगितलंस? केळ्यांचे कंटेनर म्हणजे केवढाले असतात, मी चित्रात पाहिलेत. ते पडतात म्हणजे काय? रोज किती पडतात? खाली माणसं असतील ना गं? आणि स्वल्पविराम चुकल्याने एवढा लोखंडी डबा कसा पडतो, हे मला काही केल्या समजलं नाही. बाकीच्यांना विचारलं, त्यांनाही नाही समजलं. शेवटी आम्ही चौदा जणींनी संध्याकाळच्या प्रार्थनेत क्रेनवाल्यांसाठी रोज पाच मिनिटं राखून ठेवली आहेत.

डोक्यावर ते पिवळं शिरस्त्राण घालतेस ना? उकडलं तरी घाल.

आणि सतरा मिनिटं नुसती बसतेस? त्यात आमची एक जपमाळ होते.

आणखी दोन बाटल्या पाठवत आहे. या वेळी चमच्याने पी.

ताई

—

ग्वायाकिल, २४ सप्टेंबर

प्रिय ताई,

ऑफिसात तुझं पत्र वाचताना एवढी हसले की शेजारच्याने पाणी आणून दिलं. अगं, कुणाच्याही डोक्यावर काही पडत नाही! आमचा कंटेनर म्हणजे एक प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका डब्यात बंद केलेला. दिसत नाही, वाजत नाही. मात्र माझ्या डब्यांत जे आहे ते केळ्यांपेक्षा मोलाचं आहे. रक्तपेढ्यांच्या वह्या. कुठल्या पिशवीत कुठल्या गटाचं रक्त आहे, ती कुणासाठी राखून ठेवलीय, सगळं त्यात. प्रत्येक वहीच्या तीन प्रती असतात. त्यांतली एक मुख्य. लिहायचं फक्त तिच्यातच, बाकीच्या दोघी तिची नक्कल करतात. मुख्य वही पडली की माझ्या कंट्रोलरने उरलेल्या दोघींतली एक मुख्य करायची आणि सगळ्यांना कळवायचं. एवढंच. एवढ्यासाठी तीन हजार ओळी.

आता खरी बातमी ऐक. त्या सतरा मिनिटांचा मी निकाल लावला! आमची दहा-बारा यंत्रं मिळून एक क्लस्टर होतं, आणि त्यावर नऊ जण तुटून पडलेले असतात. मी माझ्याच लॅपटॉपमध्ये एक बोटभर क्लस्टर उभं केलं आणि कंट्रोलर डब्यात वगैरे न घालता सरळ तिथूनच चालवायला लागले. ओळ बदलली, चालवलं, चुकलं, बदललं. आठ सेकंद! पुढे लक्षात आलं की कित्येक परीक्षांना खरे डबेही लागत नाहीत. हुकूम नोंदवून घेणारी एक खिडकी असली की पुरे. कंट्रोलरला वाटतं समोर अख्खं क्लस्टर आहे. त्याने योग्य वेळी योग्य हुकूम दिला का, एवढंच मी बघायचं. त्याला दोन सेकंद. पूर्वी दिवसाला वीस वेळा चुकायची सोय होती, आता दोनशे वेळा चुकते. मजा येते.

आणि वेळेवर झालं, कारण आता दिवसाही वीज जायला लागली आहे. तुमच्याकडेही जात असेलच. काल ऑफिसचं क्लस्टर बंद. सगळे फुटपाथवर जनरेटरच्या आवाजात कच्च्या केळ्यांचे बोलोन खात उभे, आणि मी पायरीवर बॅटरीवर काम करत बसलेली. इंजिनियर वेलिंग्टन म्हणाले, “काय तेनेसाका, भातुकली मांडलीस? खरा संसार आत आहे.”

म्हटलं, “इंजिनियर, खऱ्या संसारात आज चूल बंद आहे.”

सगळे हसले. तेही हसले, पण जरा उशिराने.

बाबांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.

नार्सी

—

क्वेंका, ६ ऑक्टोबर

प्रिय नार्सी,

रक्ताच्या वह्या! जेवताना मोठ्याने वाचायची पाळी माझी होती, मदरच्या परवानगीने मी तुझं पत्रच वाचून दाखवलं. क्रेनवाल्यांची प्रार्थना आम्ही बंद केलेली नाही. झालं तर त्यांचं भलंच होईल.

मला एक शंका आहे. विद्यापीठात गणिताची दोनच वर्षं झाली माझी, तेव्हा चुकत असेन तर सोडून दे. तुझा पहारेकरी पडलेल्यांना उठवतो. पण वीज त्याचीच गेली तर? आणि तीही काम अर्ध्यावर असताना?

विचारते आहे याला कारण घडलं. आमच्याकडे घंटा झाली की हातातलं काम असेल तिथे टाकून निघायचं. अक्षर अर्धं लिहिलं असेल तर अर्धंच ठेवायचं. सध्या पितरांच्या दिवसासाठी पावाच्या बाहुल्यांची मागणी आहे. मंगळवारी सोर त्रिनिदादने पिठात मीठ घातलं आणि घंटा झाली. परत आल्यावर तिला अगदी पक्कं आठवत होतं की मीठ राहिलंय. पुन्हा घातलं. तीनशे बाहुल्या अशा खारट झाल्या की कोंबड्यांनीही तोंड फिरवलं. तिला बोलून काय उपयोग? अडुसष्ट वर्षांची आहे, शिवाय चूक तिची नव्हतीच, ती आठवणीवर गेली ही पद्धत चुकीची होती. आता मी स्वयंपाकघरात ठरवून टाकलंय. परत आल्यावर काय आठवतं ते विचारायचं नाही. पीठ जिभेला लावायचं, आणि मग ठरवायचं.

तुझा पहारेकरी परत आल्यावर आठवणीवर जातो की चव घेऊन बघतो? आणि त्याला तू असं अर्ध्या अक्षरावर थांबवून पाहिलंस का? एकाच ठिकाणी नाही, प्रत्येक ठिकाणी. कारण मला असं वाटतं की ज्या जागी आपण

(घंटा झाली होती. दुसऱ्या दिवशी लिहिते आहे. काय वाटत होतं ते आता आठवणीने लिहिणं बरं नाही, म्हणून लिहीत नाही.)

ताई

—

ग्वायाकिल, १९ ऑक्टोबर

ताई!

तू बरोबर होतीस. मला राग आला, मग आनंद झाला, मग परत राग आला. तीन हजार ओळी माझ्या, आणि त्यातलं भोक मठात बसून तू दाखवावंस!

मी कंट्रोलरच्या कामाचे टप्पे मोजले. छत्तीस निघाले. एक नवी परीक्षा लिहिली: पहिल्या टप्प्यानंतर कंट्रोलर मारायचा, पुन्हा उठवायचा, सगळं जागेवर आहे का बघायचं. मग दुसऱ्या टप्प्यानंतर. असं छत्तीसपर्यंत. लॅपटॉपवर आहे म्हणून शक्य आहे. ऑफिसच्या रांगेत एका फेरीला दहा तास लागले असते, इथे पाच मिनिटं. अठ्ठावीस ठिकाणी मेला आणि शहाण्यासारखा उठला. माझी मान ताठ होत चालली होती.

एकोणतिसाव्या ठिकाणी त्याने नवी मुख्य वही निवडलेली असते, पण बाकीच्यांना कळवलेलं नसतं. तिथे मारलं. उठल्यावर त्याने आपली जुनी टिपणवही उघडली. तिच्यात ‘निवड बाकी’ असं होतं. त्याने इमानदारीत दुसरीच वही मुख्य केली. आता मुख्य वह्या दोन, आणि दोघीही लिहून घ्यायला तयार. म्हणजे एकच पिशवी दोन रोग्यांच्या नावावर. तुमच्या सोर त्रिनिदादचं मीठ, तंतोतंत.

वेळ फार थोडा आहे. डोंगरातल्या दोन रुग्णालयांत एक डिसेंबरला हे चालू व्हायचंय. सोमवारी बैठकीत सगळ्यांसमोर मांडणार आहे. खोटी नम्रता कशाला, ताई, मी स्वतःवर खूश आहे. हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

नार्सी

—

ग्वायाकिल, ३० ऑक्टोबर

प्रिय ताई,

सगळं ठीक आहे. बैठक झाली. सध्या मला वेगळं काम दिलं आहे, माहितीपुस्तिका लिहिण्याचं. तेही महत्त्वाचंच असतं. हवा दमट आहे. काढ्याबद्दल आभारी आहे. सर्वांना नमस्कार सांगावा.

नार्सिसा

—

क्वेंका, १० नोव्हेंबर

नार्सी,

सात वाक्यं, आणि शेवटी ‘नार्सिसा’. ‘सांगावा’ म्हणे. हे पत्र तू लिहिलंस की तुमच्या ऑफिसातल्या कुठल्या यंत्राने?

काय झालं ते मला ठाऊक नाही. पण एवढं कळतं की एकोणतिसावी जागा अजून तशीच आहे, आणि ती बुजवू शकणारी मुलगी पुस्तिका लिहीत बसली आहे.

मी मठात यायला निघाले तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस. बसच्या दारात उभी राहून ओरडली होतीस, “एवढं डोकं भिंतीआड पुरायला चाललीस!” बारा वर्षांत आपण त्यावर बोललो नाही. मला त्याचा राग नाही. पण तू तुझं डोकं कुठल्याही भिंतीआड न जाताच पुरणार असशील, तर मला राग येईल. फार येईल.

एक डिसेंबरपासून आगमनकाळ सुरू होतो. मग नाताळापर्यंत आम्हाला पत्र नाही, भेट नाही. त्याआधी मला खरं लिही.

ताई

—

ग्वायाकिल, २४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

खरं लिहिते.

त्या सोमवारी रुग्णालयांची माणसंही बैठकीला आली होती. मी मांडलं. इंजिनियर वेलिंग्टन म्हणाले, “नेमकी त्याच क्षणी वीज जायची, हे लाखात एकदा होईल.” मी शांतपणे उत्तर द्यायला हवं होतं. त्याऐवजी पाहुण्यांसमोर म्हणाले, “तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही.” दुसऱ्या दिवशी माझ्याकडून कंट्रोलर काढून घेतला. आहे तसाच पुढे जाणार असं ठरलं. मला लाज वाटत होती, म्हणून तुला तसलं पत्र लिहिलं.

तुझं पत्र आलं. दोन दिवस तुझ्यावर चिडले. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, सगळे बाहेर आले. इंजिनियर पायरीवर माशाच्या एन्सेबोयादोचा वाडगा घेऊन बसले होते. मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसले.

“इंजिनियर, त्या दिवशी तोंड सुटलं. चुकलं माझं.”

“हं.”

“आता पाच मिनिटं द्या.”

“पुन्हा तेच?”

“मी एक शब्द बोलत नाही. तुम्हीच मारा त्याला. वाटेल तेव्हा, वाटेल तिथे.”

एका हातात चमचा, दुसऱ्या हाताने त्यांनी कळ दाबली. कंट्रोलर मेला, उठला, सगळं ठीक. पुन्हा दाबली. ठीक.

“बघ, चाललंय की!”

“अजून मारा.”

त्यांना मजा यायला लागली. चार, पाच, सहा. अकराव्या वेळी पडद्यावर दोन मुख्य वह्या.

“हे काय?”

“पिशवी क्रमांक ४०७ कुणाची आहे, दोघींना विचारा.”

त्यांनी विचारलं. एक म्हणाली, प्रसूती विभाग. दुसरी म्हणाली, शस्त्रक्रिया विभाग. इंजिनियरनी वाडगा खाली ठेवला.

“लाखात एकदा म्हणालो होतो ना मी?”

“हो.”

“डोंगरात वीज दिवसाला किती वेळा जाते?”

“चार-पाच वेळा. शिवाय वीज गेली की वह्याही पडतात, म्हणजे कंट्रोलर नेमका तेव्हाच कामात असतो.”

त्यांनी हात पुसले. मग फोन काढला आणि माझ्यासमोर रुग्णालयांना सांगितलं, “एक तारखेला चालू होणार नाही. दोष सापडलाय. आमच्याच माणसाने शोधलाय.” फोन ठेवून म्हणाले, “माहितीपुस्तिका दुसरं कुणीतरी लिहील. तू कामाला लाग.”

ताई, ते वाईट नाहीत. त्यांना आकडा कळत नव्हता, कळ दाबल्यावर कळला.

कंट्रोलरची टिपणवही मी फाडून टाकली आहे. आता तो उठला की आधी प्रत्येक वहीला विचारतो, तू कोण? मगच हात लावतो. हे पत्र टाकून परत बसते. नाताळनंतर लिहीन.

नार्सी

—

ग्वायाकिल, २७ डिसेंबर

प्रिय ताई,

नाताळच्या शुभेच्छा! आता बस आणि ऐक.

दोन डिसेंबरला छत्तीस जागी शंभर-शंभर वेळा मारून पाहिला. छत्तीसशे मरणं, आणि एकदाही दोन मुख्य वह्या नाहीत. चार तारखेला दोन्ही रुग्णालयांत चालू केला. वीस तारखेला वीजकपात संपली तोवर तिथे एकूण एकसष्ट वेळा वीज गेली. त्यांत एकोणीस वेळा खुद्द कंट्रोलर आडवा झाला, आणि दोनदा अगदी एकोणतिसाव्या जागी. दोनदा! लाखात एकदावाल्या जागी, सोळा दिवसांत दोनदा. दोन्ही वेळा तो उठला, विचारलं, बघितलं आणि जे खरोखर राहिलं होतं तेवढंच केलं. एकही पिशवी दोन नावांवर गेली नाही. तिथल्या रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, “तुमचं नवीन काही चालू झालंय म्हणे? आम्हाला तर काहीच जाणवलं नाही.” याहून मोठं कौतुक मला आजवर कुणी केलेलं नाही.

इंजिनियर वेलिंग्टननी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, “यापुढे कुणाचाही कंट्रोलर लॅपटॉपवर छत्तीस जागी मेल्याशिवाय या इमारतीबाहेर जाणार नाही. आणि कसं मारायचं ते तेनेसाका शिकवेल.” माझे कान तापले होते. मी खाली बघत उभी राहिले, पण आतून नाचत होते.

एक कबुली द्यायची आहे. त्या परीक्षेला मी तुझं घरचं नाव दिलंय, एउलालिया. आणि ती कुणी सुचवली त्या जागी ‘एउलालिया तेनेसाका’ असं लिहिलंय. इंजिनियरनी विचारलं, “ही कोण?”

“माझी ताई.”

“कुठे असते?”

“क्वेंकाला. कार्मेलाइटमध्ये.”

“नाव ऐकलं नाही. परदेशी कंपनी आहे का?”

“मुख्य कार्यालय रोमला आहे,” म्हटलं.

बसच्या दारात ओरडले होते ते मी परत घेते. फार आधी घ्यायला हवं होतं.

नार्सी

—

क्वेंका, ६ जानेवारी २०२५

प्रिय नार्सी,

तुझं पत्र जेवताना वाचलं. तेरा जणी आणि चमच्यांचा आवाज, बाकी शांतता. तशी शिस्तच आहे. ‘रोमला आहे’ इथे मदर हसल्या, मग शिस्त उरली नाही. सोर त्रिनिदादला आपलं मीठ रुग्णालयापर्यंत पोचल्याचा एवढा आनंद झालाय की जो येईल त्याला सांगते आहे.

माझं नाव काढून टाक असं लिहायला मी बसले होते. ते नाव मी दारात ठेवून आत आले आहे. मदरना विचारलं. त्या म्हणाल्या, “त्यामुळे कुणाचं रक्त वाचत असेल तर असू दे. तू काही ते रोज वाचायला जाणार नाहीस.” तेव्हा असू दे. मला अभिमान वाटला. पाद्र्यांना तसं सांगितलंही. त्यांनी प्रायश्चित्त दिलं नाही, उलट एकोणतिसाव्या जागी नेमकं काय होतं ते दोनदा समजावून घेतलं.

आता माझी कबुली. तू बाबांबद्दल विचारत राहिलीस आणि मी उत्तर टाळत राहिले, कारण त्यांनी तसं वचन घेतलं होतं. काल त्यांनी मला त्यातून मोकळं केलं.

सप्टेंबरपासून ते महिन्यातून एकदा येतात. सिगसिगहून पहिल्या बसने निघतात, भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे बसतात आणि म्हणतात, “वाच.” मी तुझी सगळी पत्रं त्यांना वाचून दाखवली आहेत. नोव्हेंबरात ते तुझं ‘सर्वांना नमस्कार सांगावा’ ऐकून गेले आणि मला वाटतं आठवडाभर नीट जेवले नाहीत. आगमनकाळात भेटी बंद, म्हणून महिनाभर तळमळले. काल नोव्हेंबरचं मोठं पत्र आणि हे नवं, दोन्ही एकदम वाचली. एकसष्ट वेळा वीज गेली, तिथे त्यांनी मला थांबवलं.

“परत वाच. किती?”

“एकसष्ट.”

“आणि काही हरवलं नाही?”

“एक पिशवीही नाही, बाबा.”

त्यांनी तोंड फिरवलं. जाळीतून मला त्यांचे खांदे तेवढे दिसत होते. मग म्हणाले, “रविवारच्या बाजारात सगळ्यांना मी सांगितलंय की माझी धाकटी ग्वायाकिलला रक्ताची राखण करते. बरोबर आहे ना? चुकीचं तर नाही सांगितलं?” मी म्हटलं, अगदी बरोबर सांगितलंत.

आयुष्यात ते कधी डोंगर उतरून किनाऱ्याकडे गेलेले नाहीत, हे तुला ठाऊक आहे. येत्या शनिवारचं तिकीट काढलंय. म्हणतात, “त्या साहेबाला मारायला दिलं, मला का नाही देणार? मीही एकदा दाबून बघणार. उठतो का ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.”

अकराच्या सुमाराला बस पोचेल. उकाड्याने ते घाबरेघुबरे होतील, पाणी घेऊन उभी राहा. लॅपटॉपची बॅटरी भरून ठेव. आणि तुला आधीपासून माहीत होतं असं दाखवू नकोस. त्यांना वाटतंय, तुला दचकवणार आहेत.

ताई